झोपेचं बिल दाखवा!

"डोकं कुठं करून झोपतेस?"

पुण्यात पीजीवर राहायला आले, त्या पहिल्या रात्री आईने फोनवर विचारलेला हा पहिला प्रश्न. जेवलीस का, पाणी येतं का, बाकीच्या मुली कशा आहेत, हे सगळं नंतर. मी मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं, कॉटच्या उशाकडे तोंड करून उभी राहिले आणि आईशी सरळ खोटं बोलले. "दक्षिणेला." प्रत्यक्षात काटा उत्तर दाखवत होता.

उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, हे आमच्या बार्शीच्या घरात 'दात घासायचे' इतकं पक्कं आहे. माणूस गेल्यावर त्याचं डोकं उत्तरेला करतात, दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून जिवंत माणसाने तिकडे पाय करायचे नाहीत. आजीने सांगितलं, आईने ऐकलं, मी मोठी झाले. विषय संपला.

पण रूममध्ये मी एकटी नव्हते. माझी रूममेट लातूरची. सामान लावता लावता तिने एकच अट घातली. "बाकी कुठंही झोपते, फक्त पश्चिमेला पाय नको." तिच्या घरी काबाच्या दिशेला पाय करत नाहीत आणि आपल्याकडून ती दिशा पश्चिम.

आता खोली दहा बाय बारा. दोन लोखंडी कॉट, दोन्हींचं उशाचं टोक उत्तरेच्या भिंतीला, कारण चार्जिंगचं बटण त्याच भिंतीवर. कॉट आडव्या फिरवायच्या म्हटलं, तर पश्चिमेला बाथरूमचं दार. तिकडे डोकं केलं तर रात्रभर नाकात फिनेल, आणि पूर्वेला डोकं केलं की पाय पश्चिमेला. रात्री दहा वाजता आम्ही दोघी वहीच्या मागच्या पानावर खोलीचा नकाशा काढून बसलो. शेवटी तोडगा निघाला. कॉट आहे तिथेच, फक्त उशी दुसऱ्या टोकाला, म्हणजे डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. आई खूश, ती खूश. चार्जरची वायर पोचेना म्हणून दुसऱ्या दिवशी अडीचशे रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड आणला.

दोन धर्मांचा प्रश्न अडीचशे रुपयांत सुटला. मग प्रश्न काय उरला? प्रश्न हा, की तरीही मला झोप लागेना.

फॉरवर्ड आला रे आला

हा किस्सा मी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत एका चुलतभावाचा फॉरवर्ड आला. 'आपले पूर्वज किती पुढे होते बघा!' पृथ्वी हे मोठं चुंबक आहे, आपल्या रक्तात लोह आहे, उत्तरेला डोकं केलं की रक्त मेंदूकडे खेचलं जातं आणि झोप उडते. खाली हात जोडलेली चार चिन्हं.

मी बारावीपर्यंत सायन्सला होते. फार हुशार नव्हते, पण एवढं आठवतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. हॉस्पिटलमध्ये एमआरआय काढतात त्या नेहमीच्या मशीनचं क्षेत्र दीड टेस्ला, म्हणजे त्याच्या हजारो पट. माणूस त्या नळीत वीस-पंचवीस मिनिटं आडवा पडतो आणि रक्त एका बाजूला गोळा न होता उठून घरी जातो. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, टाचणीसारखं सुटं नसतं. चुंबकाने ते खेचलं जात नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं. भावाने लिहिलं, "तू नास्तिक झालीस पुण्यात जाऊन."

गंमत बघा. मी अजूनही दक्षिणेलाच डोकं करून झोपते. आईने सांगितलंय म्हणून, सवय आहे म्हणून, त्यात माझं काही जात नाही म्हणून. आजीनेही कधी मायक्रोटेस्ला सांगितले नव्हते. ती म्हणायची, "करू नये, एवढंच." त्या 'करू नये'शी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते त्याला विज्ञानाचा कोट घालून फिरवणाऱ्यांशी. कारण तो कोट घातलेला एक माणूस एकदा आमच्या घरी आला होता.

एक लाखाची गादी

मी तिसरीत होते. बाबा शाळेत क्लार्क. आजीचे गुडघे दुखायचे, रात्रभर कूस बदलत राहायची. बाबांच्या ओळखीच्या एकाने त्यांना एका हॉलमधल्या सेमिनारला नेलं. तिथे टाय लावलेल्या माणसाने स्टेजवर गादी अंथरली होती. आत चुंबकं शिवलेली. गुडघे, कंबर, बीपी, शुगर, झोप, सगळ्यावर एकच इलाज. पृथ्वीचं चुंबक, रक्तातलं लोह, पूर्वजांचं ज्ञान. म्हणजे भावाने परवा पाठवलेला तोच फॉरवर्ड, फक्त त्याला किंमत लावलेली. एक लाखाच्या वर.

बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं. आईच्या दोन बांगड्या गेल्या. पण हा झाला अर्धाच किस्सा. गादी घेणाऱ्याने पुढे आणखी दोघांना आणायचं, त्या दोघांनी आणखी दोघांना, आणि प्रत्येक विक्रीत वरच्याला कमिशन. 'वर्षात गादी फुकट पडेल, नंतर फायदाच फायदा.' बाबांनी कुणाला आणलं? सख्ख्या धाकट्या भावाला. काकांची मोटारसायकल दुरुस्तीची टपरी होती. त्यांनीही गादी घेतली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. काकांच्या खाली कुणी आलं नाही. बाबांच्या खाली काकांशिवाय कुणी आलं नाही. टायवाला फोन उचलेना. काकांचे हप्ते थकले आणि एका दिवाळीत अंगणात उभं राहून ते बाबांना म्हणाले, "दादा, तू मला विकलंस." त्यानंतर सात वर्षं ते आमच्या घराची पायरी चढले नाहीत.

आणि आजीचे गुडघे? दुखतच राहिले. त्या गादीवर तिने चार रात्री काढल्या, पाचव्या रात्री म्हणाली, "टोचतं गं." आणि खाली तिच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळेवर जाऊन झोपली. घरात सगळ्यात महागडी झोप विकत घेतली होती आणि त्या घरात तेव्हा कुणालाच झोप नव्हती. बाबा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अंगणात फेऱ्या मारायचे. मला वाटायचं, ते चांदण्या मोजतात.

मोठी झाल्यावर मी यावर वाचलं. स्थिर चुंबकांनी दुखणं कमी होतं का, यावर झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. वेदना कमी करण्यासाठी असे चुंबक वापरावेत, याला पुराव्याचा आधार नाही, हा त्याचा निष्कर्ष. माणसामागे माणूस जोडत नेणाऱ्या योजनांना तर आपल्याकडे १९७८ पासून बंदीचा कायदा आहे. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांतही अशा 'पिरॅमिड' योजनांना स्पष्ट मनाई आहे. पण बाबांना त्या हॉलमध्ये हे कोण सांगणार होतं? ते तिथे ग्राहक म्हणून गेलेच नव्हते. ते मुलगा म्हणून गेले होते, आणि उठले ते भक्त होऊन.

देवाचा पलंग

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे श्रद्धा वाईट. थांबा, आजीची दुसरी गोष्ट ऐका.

आजी दर आषाढीला पंढरपूरला जायची. बार्शीहून फार लांब नाही. एकदा तिने मला सांगितलं, "यात्रेत देवाचा पलंग काढत्यात." मला वाटलं, आजी काहीतरी रचून सांगतेय. पण खरंच तसं आहे. आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या आधी विठ्ठलाच्या शेजघरातला पलंग काढून ठेवतात. मंदिर चोवीस तास उघडं. देव झोपायचा बंद, रात्रंदिवस उभा. उभं राहून पाठ भरून येईल म्हणून त्याच्या पाठीशी मऊ कापसाचा लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला गरम पाण्याने न्हाऊ घालतात, शीण जावा म्हणून काढा दाखवतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो.

यातली मजा लक्षात आली का? आषाढी एकादशीचं दुसरं नाव शयनी एकादशी. त्या दिवशी देव झोपी जातो आणि चार महिन्यांनी कार्तिकीला उठतो, असं मानतात. आणि नेमका त्याच दिवशी पंढरपूरचा विठोबा टक्क जागा! लाखो माणसं चालून आली आहेत, मग झोपायचं कसं?

मी स्वतः किती मानते, हे मला अजून नीट माहीत नाही. मूर्तीला शीण येतो का, असं परीक्षेत विचारलं तर मी 'नाही' लिहीन. पण कुणाचा तरी शीण ओळखून त्याच्या पाठीशी लोड ठेवावा, ही कल्पना ज्यांना सुचली, ती माणसं मला आवडतात. आजी त्या यात्रेत वाळवंटात, कुणाच्या तरी ओसरीवर, पिशवी उशाला घेऊन झोपायची. ना फोम, ना स्प्रिंग. परत आल्यावर म्हणायची, "तिथल्यासारखी झोप घरी लागत न्हाई."

आजीच्या या श्रद्धेत आणि टायवाल्याच्या श्रद्धेत फरक काय, यावर मी बराच विचार केला. मला सापडलेला फरक साधा आहे. आजीच्या श्रद्धेचं बिल कुणी फाडलं नव्हतं. ती जे देत होती ते तिचं होतं, आणि बदल्यात गुडघे बरे होतील असं तिला कुणी लिहून दिलं नव्हतं. टायवाल्याने मात्र दावा केला होता आणि पैसे घेतले होते. ज्या क्षणी कुणी दावा करतो आणि पैसे घेतो, त्या क्षणी ती श्रद्धा राहत नाही. ती खरेदी असते. आणि खरेदीला प्रश्न विचारायचे असतात. हात जोडून नाही, बिल हातात धरून.

आणि मग मीच फसले

एवढं सगळं कळतं म्हणणारी मी. आता माझी गोष्ट.

पीजीची गादी म्हणजे तीन पिढ्यांच्या विद्यार्थिनींनी दाबून पापड केलेला कापूस. इंटर्नशिप सुरू झाली, रात्री उशिरा यायचं, पाठ दुखायची, एक वाजला तरी डोळा लागेना. एक वाजता माणूस काय करतो? रील बघतो. रीलमध्ये एक मुलगी गादीवर पडते आणि तिच्या शेजारचा दुधाचा ग्लास हलतसुद्धा नाही. 'ऑर्थोपेडिक मेमरी फोम. १०० रात्री झोपून बघा, नाही आवडली तर पूर्ण पैसे परत.' जाहिरात चक्क मराठीत. खाली बारीक चांदणी. मी रात्री सव्वा वाजता सात हजार चारशे नव्याण्णव रुपये भरले. माझा जवळपास एका महिन्याचा स्टायपेंड.

टायवाला हॉलमध्ये बोलवायचा. आता तो आपल्या पांघरुणात येतो, तेही झोप येत नसते नेमक्या त्या वेळी.

गादी आली. पोळीच्या रोलसारखी गुंडाळलेली, हवा काढलेली. प्लास्टिक कापलं तशी फुस्स करून फुगली. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. तीन आठवड्यांत मधोमध खड्डा. सकाळी त्या खड्ड्यातून उठताना विहिरीतून वर आल्यासारखं वाटायचं.

रूममेटने गादीची चेन उघडून आत हात घातला. तिचे आजोबा पिंजारी होते, लातूरला गादी कारखाना होता त्यांचा. धनुकलीच्या तारेचा तो टणत्कार ऐकतच ती लहानाची मोठी झाली. तिने वरचा थर दोन बोटांत दाबला आणि म्हणाली, "ए, हा मेमरी फोम नाही. तो दाबला की हळू वर येतो. हा लगेच उसळतोय. साधा फोम आहे, आणि तोही बोटभर." साईटवर लिहिलं होतं, दोन इंच.

मी कंपनीला परतीसाठी लिहिलं. उत्तर आलं, अटीनुसार वस्तू 'मूळ पॅकिंगमध्ये' हवी. आता सांगा, मशीनने हवा काढून गुंडाळलेली सहा बाय तीनची गादी, जी उघडल्याशिवाय झोपून बघता येत नाही, ती मूळ पॅकिंगमध्ये कशी घालायची? आम्ही दोघींनी तिच्यावर बसून, दोरीने आवळून खरंच प्रयत्न केला. शेजारच्या रूममधल्या मुलीने त्याचा व्हिडिओ काढलाय. तो मी इथे छापू देणार नाही.

त्या रात्री मला बाबा आठवले. अंगणातल्या फेऱ्या आठवल्या. 'जाऊ दे, आपलीच चूक' असं म्हणून तेही गप्प बसले होते. लाज वाटते ना फसल्याची! फसवणाऱ्याला वाटत नाही, आपल्याला वाटते.

१९१५

मग मी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. खरं सांगायचं तर मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला ग्राहक कायद्यावर मी असाइनमेंट केली होती. मार्कांसाठी. पहिल्यांदा ती उपयोगी पडली.

आपल्या देशात पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. २४ डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. पण त्याआधीच, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी इथे पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. म्हणजे दुकानदाराला 'का?' विचारण्याची आपल्याकडची परंपरा ही आपल्या आईबाबांच्या वयाची आहे. आता लागू असलेला कायदा २०१९ चा. तो जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याच महिन्यात ऑनलाईन खरेदीचे वेगळे नियमही आले.

त्या नियमांत माझ्या कामाच्या दोन गोष्टी होत्या. एक, वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. दुसरी, ऑनलाईन विकणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. शिवाय २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यानुसार जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. माझी जाहिरात मराठीत आणि चांदणीची ओळ इंग्रजीत होती!

मी काय काय केलं ते सांगते, कारण मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. आधी साईटवरचं वर्णन, ती जाहिरात, बिल आणि कंपनीची उत्तरं, या सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले. गादीच्या थराशेजारी पट्टी धरून फोटो काढला. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल. चार दिवस पोच नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला आणि तो मेसेजवर आला. त्यांचं काम कंपनीशी बोलून मिटवून देण्याचं, शिक्षा करण्याचं नाही. मिटलं नसतं, तर पुढे जिल्हा ग्राहक आयोग होता. तिथे वकील लागतोच असं नाही, आपण राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

तिथवर जावं लागलं नाही. अकराव्या दिवशी दोन माणसं आली, गादी तशीच, विनापॅकिंग, जिन्यातून वाकवत घेऊन गेली. एकोणिसाव्या दिवशी पैसे आले. त्या रात्री मी जमिनीवर चटई टाकून झोपले आणि मेल्यासारखी झोपले.

मग झोप येते कशाने?

हा प्रश्न मी आमच्या कट्ट्यावर टाकला. इंजिनिअरिंगवाला मित्र देव मानत नाही. तो पॉडकास्ट लावून झोपतो आणि म्हणतो, कुणीतरी बोलत असलं की एकटं वाटत नाही. एक मैत्रीण रामरक्षा म्हणते. अर्थ माहीत आहे का विचारलं, तर हसली. "अर्थ कशाला? अर्ध्यातच झोप लागते." एकजण म्हणाला, तो फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री आस्तिक असतो. माझी रूममेट झोपण्याआधी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटते, कूस बदलते आणि दोन मिनिटांत घोरायला लागते. पहाटे अलार्म झाला की उठते, नमाज पढते, पुन्हा झोपते. मला तिचा राग येतो, इतकी ती छान झोपते.

तज्ज्ञांचं म्हणणंही आपल्या कामाचं आहे. आपल्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. रोज झोपायची-उठायची वेळ एकच असणं, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नसणं, खोलीत अंधार आणि गारवा असणं, याने फरक पडतो. आणि गादी? 'पाठ दुखते तर कडक गादी घे' असं सगळे सांगतात. २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या ३१३ कंबरदुखीवाल्यांवरचा प्रयोग छापून आला होता. कडकपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. म्हणजे गादीने फरक पडतो, अगदीच पडत नाही असं नाही. पण 'ऑर्थोपेडिक' हा शब्द खोळीवर छापला म्हणजे कुण्या डॉक्टरने ती तपासली, असा त्याचा अर्थ होत नाही.

पॉडकास्ट, रामरक्षा, दुआ यांचं मला एक साम्य दिसतं. दिवस संपला, आता माझ्या हातात काही नाही, हे मान्य करायची ती प्रत्येकाची पद्धत आहे. ती ज्याची त्याने निवडावी. दुसऱ्याची झोपमोड होत नाही तोवर त्यात कुणी नाक खुपसू नये. रूममेटच्या पहाटेच्या अलार्मला मी नाक मुरडलं होतं खरं. तिने तो व्हायब्रेटवर ठेवला, मी रात्रीचा दिवा बंद करून मोबाईल टेबलावर ठेवायला शिकले. फिटंफाट.

फ्रीजवरचं चुंबक

शेवटी मी गादी घेतलीच. रूममेट मला एका गादी कारखान्यात घेऊन गेली. तिने कापूस मुठीत धरून पाहिला, मालकाशी भाव केला आणि समोर बसून भरून घेतली. दोन हजार दोनशे रुपये, पक्क्या बिलासह. दरवर्षी पुन्हा पिंजून घ्यायची, अशी तिची ताकीद आहे.

या उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा माळ्यावरून ती चुंबकवाली गादी खाली काढली. काका आले होते. हो, येतात आता. आजी गेली तेव्हा आले आणि मग येत राहिले. मी बाबांना आणि काकांना माझी १९१५ ची गोष्ट सांगितली. अकराव्या दिवशी गादी गेली हे ऐकून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं गं." काका म्हणाले, "दादा, माहीत असतं तरी तू फोन केला नसतास. तुला लाज वाटली असती." आणि दोघं हसले. त्या गादीवरून ते दोघं एकत्र हसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

काकांनी पान्याने टोचून गादीची शिवण उसवली. आतून काळी गोल चुंबकं निघाली. आईने त्यातली दोन धुऊन घेतली. सध्या ती आमच्या फ्रीजवर आहेत. एकाखाली गॅसचं बिल, दुसऱ्याखाली विठोबाचा फोटो.

गादी घेताय? एवढं बघा

• रात्री अकरानंतर काहीही ऑर्डर करू नका. कार्टमध्ये टाका, सकाळी बघा.
• 'पैसे परत'च्या शेजारी चांदणी असेल, तर अटी पैसे भरायच्या आधी वाचा. परत कोण नेणार, पॅकिंग लागणार का, पैसे किती दिवसांत, हे तीन प्रश्न.
• वर्णनाचा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच घ्या. नंतर साईट बदलते.
• सगळे आजार बरे करणारी गादी, अंगठी, बाटली कुणी विकत असेल, तर लेखी दावा आणि पक्कं बिल मागा. बहुतेक वेळा माणूस तिथेच उठतो.
• वस्तूबरोबर 'आणखी दोघांना आणा' असं ऐकलं, की चप्पल घाला आणि निघा.
• फसलात तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा, मग १९१५. आयोगाकडे जायला साधारण दोन वर्षांची मुदत असते. लाज वाटण्यात ती घालवू नका.